स्नॉडग्रासचा झेल आणि कागदावर न आलेला फाउल

प्रश्न असा आहे: "१९१२ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, न्यूयॉर्क जायंट्स फक्त स्नॉडग्रासने झेल सोडला म्हणून हरले, असं जिथं तिथं वाचायला मिळतं. आमच्या कॉलेजचे सरही सोपा झेल सुटला की त्याचंच उदाहरण देतात. तुम्ही इतकी वर्षं स्कोअरिंग करता, तुम्हालाही तसंच वाटतं का? आणि त्या काळी एक्स्ट्रा इनिंगचे नियम वेगळे होते का?"

मला तसं वाटत नाही. पण पंचाईत अशी की आमचा कागद, म्हणजे स्कोअरशीट, तुमच्या सरांच्या बाजूने बोलतो. तो तसा का बोलतो आणि मी तरी त्याचं का ऐकत नाही, हे सांगायचं तर दहावी इनिंग चेंडू-चेंडू उलगडावी लागेल. जरा वेळ काढून वाचा.

मी पंचवीसेक वर्षं सॉफ्टबॉल आणि बेसबॉलच्या शीट भरतोय. शालेय स्पर्धांपासून सुरुवात केली, मग जिल्हा, विद्यापीठ, राज्य. बॅकस्टॉपच्या जाळीमागे टेबल, त्यावर दोन पेन्सिली, एक खोडरबर, आणि डोक्यावर पत्रा असला तर नशीब. १९१२ चा हा सामना मी छापील वर्णनं पुढे ठेवून दोनदा शीटवर उतरवलाय. पहिल्यांदा हौस म्हणून, आणि दुसऱ्यांदा पहिल्या वेळचं उत्तर पटेना म्हणून.

दिवस बुधवार, १६ ऑक्टोबर १९१२. मैदान बॉस्टनचं फेनवे पार्क, जे त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये उघडलं होतं. यजमान रेड सॉक्सनी हंगामात १०५ सामने जिंकले होते, जायंट्सनी १०३. चार विजय आधी मिळवेल तो विजेता, म्हणजे सिरीज जास्तीत जास्त सात सामन्यांची. हा मात्र आठवा सामना होता, कारण दुसरा सामना अंधारामुळे बरोबरीत सोडून द्यावा लागला होता. त्या दुसऱ्या सामन्याकडे शेवटी येतो, तो लक्षात ठेवा. आठवा सामना कुठे खेळायचा हे नाणं उडवून ठरलं आणि तिथेही जायंट्सचं नशीब फिरलं.

सिरीजचा निकाल लावणारा सामना, तोही घरच्या मैदानावर, आणि प्रेक्षक किती? जेमतेम १७,०००. आदल्या दिवशी याच मैदानावर ३२,००० च्या वर लोक होते. त्यामागे एक भानगड होती. बॉस्टनच्या कट्टर पाठीराख्यांची 'रॉयल रूटर्स' नावाची टोळी होती. बँड वाजवत, गाणी म्हणत यायची आणि ठरलेल्या जागी बसायची. सातव्या सामन्याला ही मंडळी वाजतगाजत आली, तर त्यांच्या खुर्च्या क्लबने परस्पर दुसऱ्यांना विकलेल्या! मैदानातच धुमश्चक्री झाली, घोडेस्वार पोलिसांनी त्यांना मागे रेटलं. या गोंधळात बॉस्टनचा पिचर स्मोकी जो वुड ताटकळला, त्याचा तापलेला हात गार पडला, आणि पहिल्याच इनिंगमध्ये जायंट्सनी सहा रन ठोकले. हाच वुड त्या हंगामात ३४ सामने जिंकला होता आणि फक्त ५ हरला होता. सामना ११-४ असा गेला. दुसऱ्या दिवशी रूटर्सनी आणि त्यांच्यामागे निम्म्या गावाने पाठ फिरवली. म्हणजे ज्या सामन्यावर शंभर वर्षं चर्चा चाललीय, तो अर्ध्या रिकाम्या स्टँडसमोर झाला.

जायंट्सकडून क्रिस्टी मॅथ्यूसन. वय ३२, कारकिर्दीत एकूण ३७३ विजय मिळवणारा माणूस, १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी निवडलेल्या पहिल्या पाचांपैकी एक. त्याच्याबद्दल एकच आकडा डोक्यात ठेवा: १९१२ च्या हंगामात त्याने ३१० इनिंग टाकल्या आणि त्यात फक्त ३४ वॉक दिले (वॉक म्हणजे चार खराब चेंडू पडले की बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस). आमच्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एखादा पिचर एका सामन्यात दहा वॉक देऊन जातो आणि माझ्या शीटवर बी-बीची, म्हणजे वॉकच्या खुणांची, रांगोळी काढून ठेवतो. त्याच्यासमोर ह्यू बेडिएंट, पहिल्याच हंगामातला पोरगा. पण या पोराने पाचव्या सामन्यात मॅथ्यूसनलाच २-१ असं हरवलं होतं.

सामन्याची लाइन, म्हणजे इनिंगवार रन, आधी देतो, म्हणजे पुढचं डोळ्यांसमोर राहील.

न्यूयॉर्क: ००१ ०००  ००० १ — २
बॉस्टन: ००० ००० १०० २ — ३

तिसऱ्या इनिंगला रेड मरेच्या डबलवर, म्हणजे दोन बेस मिळवून देणाऱ्या फटक्यावर, जॉश डेव्होर घरी आला, जायंट्स १-०. मग सामन्याच्या मध्यावर लॅरी डॉइलने उजवीकडे उंच मारला. फेनवेत गर्दीसाठी बसण्याची जादा सोय केली होती आणि तिच्यापुढे कमरेएवढं कुंपण होतं. हॅरी हूपर पाठमोरा पळत गेला, उघड्या हाताने चेंडू पकडला आणि तसाच कुंपणावरून पलीकडे माणसांत कोसळला. जायंट्स म्हणाले, झेल मैदानाबाहेर घेतला. पंचांनी आउट दिला. होम रन हुकला. शीटवर या झेलाची नोंद काय? एफ-९. उजव्या क्षेत्ररक्षकाकडे उंच झेल, बस. जागेवर उभं राहून, जांभई देत घेतलेल्या झेलाचीही नोंद एफ-९ हीच.

हे आकडे नवख्यांसाठी सांगतो. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावा, मधला आणि उजवा आउटफिल्डर अनुक्रमे ७, ८, ९. चूक झाली की आकड्याआधी ई लावायचा. मधला आउटफिल्डर चुकला तर ई-८. झालं, एवढ्यात निम्मी स्कोअरिंग आली.

सातव्या इनिंगला बॉस्टनने बरोबरी साधली. जेक स्टालचा उडता चेंडू मोकळ्या जागी पडला, हाइनी वॅग्नरला वॉक मिळाला, आणि बेडिएंटच्या जागी ओलाफ हेन्रिक्सनला बॅटिंगला पाठवलं. हा गडी जन्माने डेन्मार्कचा, आणि टोपणनाव काय तर 'स्वीड'. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये डेन्मार्कमध्ये जन्मलेला हा एकटाच, त्यालाही शेजारच्या देशाचं नाव चिकटवलं! त्याने तिसऱ्या बेसच्या रेषेवरून डबल मारला, १-१. बेडिएंटची बॅटिंग दुसऱ्याने केल्यामुळे तो सामन्याबाहेर, आणि आठव्या इनिंगपासून पिचिंगला आला वुड. आदल्या दिवशी मार खाल्लेला तोच वुड.

नऊ इनिंग संपल्या, १-१.

दहावीचा वरचा भाग, म्हणजे पाहुण्या जायंट्सची बॅटिंग. एक आउट झाल्यावर मरेचा डबल. मग फ्रेड मर्कल. या मर्कलची मागची कथा माहीत नसेल तर पुढचं सगळं अळणी लागेल. २३ सप्टेंबर १९०८ ला शिकागोविरुद्ध जायंट्सचा विजयी रन आला असं समजून प्रेक्षक मैदानात घुसले, आणि पहिल्या बेसवरचा १९ वर्षांचा मर्कल दुसऱ्या बेसला पाय न लावताच वळला. शिकागोने दाद मागितली, त्याला आउट दिलं, रन रद्द झाला, सामना पुन्हा खेळवावा लागला आणि जायंट्सचं त्या वर्षीचं विजेतेपद गेलं. तेव्हापासून हा पोरगा देशभर 'बावळट' म्हणून ओळखला जायचा. त्याच मर्कलने इथे मध्ये सिंगल मारला, मरे घरी आला, जायंट्स २-१. चेंडू उचलताना बॉस्टनच्या ट्रिस स्पीकरच्याही हातून निसटला होता, हे कुणी आठवत नाही. त्या क्षणी खेळ थांबला असता तर मर्कल वर्ल्ड सिरीज जिंकून देणारा माणूस ठरला असता आणि चार वर्षांचा डाग धुऊन निघाला असता.

पुढचा बॅटर आउट झाला. मग चीफ मायर्सने सणसणीत चेंडू सरळ वुडच्या अंगावर मारला. वुडने हाताने अडवला आणि पहिल्या बेसला फेकून आउट केला. शीटवर १-३, तिसरा आउट. पण हात इतका दुखावला की त्याला बॅट धरता येईना. तळाच्या भागात पहिली बॅटिंग वुडचीच होती आणि तो बॅटिंगलाही बरा होता. त्याच्या जागी क्लाइड एंगलला पाठवलं. म्हणजे मायर्सचा चेंडू वीतभर बाजूने गेला असता तर स्नॉडग्रासकडे तो झेल आलाच नसता, दुसरंच काहीतरी झालं असतं. तुमच्या सरांना हेही सांगा.

आता दहावीचा तळ, म्हणजे बॉस्टनची बॅटिंग. जायंट्स एका रनने पुढे, तीन आउट हवेत, पिचर मॅथ्यूसन.

एंगलने उंच मारला, मध्याच्या किंचित डावीकडे. फ्रेड स्नॉडग्रास चेंडूखाली आला, थांबला, चेंडू ग्लोव्हमध्ये आला आणि खाली पडला. एंगल दुसऱ्या बेसवर. त्या काळचे ग्लोव्ह म्हणजे जाड चामड्याची गादी, अंगठा आणि तर्जनी यांच्यात आजच्यासारखी जाळी नव्हती. ती सुधारणा १९२० च्या आसपास आली. पण हा बचाव मी इथे वापरणार नाही. झेल सोपा होता. ई-८, वाद नाही.

पुढचा हूपर. याने मध्यात खोल, अगदी खोल मारला. त्या काळच्या वर्णनांत यावर एकमत आहे की तो चेंडू जमिनीवर पडायचाच होता, निदान दोन बेस तरी देऊन जाणारा. स्नॉडग्रास, तोच, अर्ध्या मिनिटापूर्वी हातातला चेंडू टाकलेला, पाठ करून धावला आणि त्याने तो पकडला. एक आउट. शीटवर? एफ-८.

माझी पेन्सिल पहिल्यांदा इथे अडली. एंगलच्या चौकोनात ई-८ आणि लगेच खाली हूपरच्या चौकोनात एफ-८. आमच्या लेखी पहिली खूण गुन्हा आणि दुसरी नेहमीचं काम. उद्या कुणी दुसऱ्याने हा कागद वाचला तर त्याला वाटेल, एक झेल सोडला आणि एक साधा झेल घेतला.

मग यर्कीसला वॉक. ३१० इनिंगांत ३४ वॉक देणाऱ्या माणसाने, दहाव्या इनिंगला, एक रनची आघाडी असताना, सरासरी बॅटरला वॉक दिला. मला विचाराल तर त्या इनिंगची सगळ्यात अनपेक्षित गोष्ट ही. एंगल हा बरोबरीचा रन. विजयाचा रन म्हणजे यर्कीस, आणि त्याला बेसवर स्नॉडग्रासने बसवलेलं नव्हतं.

आता स्पीकर. बॉस्टनचा सगळ्यात धोकादायक बॅटर, त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मोटारगाडी बक्षीस मिळालेला. मॅथ्यूसनने त्याला चकवला. चेंडू बॅटच्या काठाला लागून पहिल्या बेसच्या बाजूला, फाउल रेषेबाहेर, कोचच्या चौकोनाजवळ उंच उडाला. बघा, उभ्या जागी दोन पावलं टाकून घेता येईल असा. सगळ्यात जवळ पहिल्या बेसवरचा मर्कल. मॅथ्यूसनही तिकडे आला. कॅचर मायर्स होम प्लेटवरून धावत निघाला, त्याला सगळ्यात लांबचं अंतर. मॅथ्यूसनने 'चीफ, चीफ' अशी हाक दिली असं बहुतेक वर्णनांत आहे. बॉस्टनच्या बाकावरून मुद्दाम गोंधळ घातला असंही म्हणणारे आहेत. हाक कुणाचीही असो, मर्कल थबकला, मायर्स पोचला नाही आणि चेंडू तिघांच्या मध्ये गवतावर पडला.

शीटवर याची नोंद काय? काही नाही. फार तर एका स्ट्राइकची खूण. गैरसमजातून, कुणाच्याही हाताला न लागता तिघांच्या मध्ये पडलेला चेंडू परंपरेने आम्ही कुणाच्या नावावर टाकत नाही. चूक लिहायची तर ती एका माणसाची लागते, आणि इथे हाक देणाऱ्याची, थबकणाऱ्याची की उशिरा पोचणाऱ्याची? चौकोन रिकामा राहतो.

असा रिकामा चौकोन मी स्वतः सोडलाय, म्हणून हे नेमकं कुठे दुखतं ते माहीत आहे. एका जिल्हा स्पर्धेत, मुलींच्या सॉफ्टबॉलच्या उपांत्य सामन्यात, शेवटच्या इनिंगला अगदी अशीच फाउल उडाली. पिचर, कॅचर आणि पहिला बेस, तिघी चेंडूखाली. तिघींनी एकदम 'माझा' म्हटलं आणि तिघी एकदम थांबल्या. चेंडू टप्प दिशी मातीत. पुढच्याच चेंडूला त्या बॅटरने डबल मारला आणि सामना फिरला. सामना संपल्यावर हरलेल्या टीमच्या कोचबाई टेबलाशी आल्या, कागद स्वतःकडे ओढला आणि विचारलं, "दादा, तो फाउल कुणावर टाकलात?" मी म्हटलं, "कुणावरच नाही, मॅडम." त्यांनी बराच वेळ तो चौकोन बघितला. मग म्हणाल्या, "म्हणजे झालाच नाही म्हणायचा." पहिल्या बेसवरची मुलगी मागे उभी होती, बुटाने माती उकरत. त्या वेळी मला १९१२ आठवलं नव्हतं, ते घरी जाताना बसमध्ये आठवलं.

तर स्पीकर जिवंत राहिला. पुढे काय व्हायचं ते झालं. त्याने उजवीकडे सिंगल मारला, एंगल घरी, २-२. यर्कीस तिसऱ्या बेसवर, आणि होम प्लेटकडे आलेल्या थ्रोच्या आडोशाने स्पीकर दुसऱ्यावर. मॅथ्यूसनने डफी लुईसला मुद्दाम वॉक दिला, बेस भरले, कारण आता प्रत्येक बेसवर फोर्स आउट (रनरला न शिवता, चेंडू हातात घेऊन नुसता बेसला पाय लावून मिळणारा आउट) मिळू शकत होता. योग्यच निर्णय. लॅरी गार्डनरने उजवीकडे खोल मारला, डेव्होरने झेल घेतला, आणि झेल हातात पडताच यर्कीस तिसऱ्यावरून सुटला. ३-२. दोन आउटवर सिरीज संपली. यजमान टीम तळाला बॅटिंग करत असते, त्यामुळे जादा इनिंगमध्ये ती पुढे गेली की तिथल्या तिथे खेळ खलास, उरलेला आउट कुणी मागत नाही.

आता कागद सरांच्या बाजूने बोलतो म्हणालो ते कसं, ते बघा. 'अर्न्ड रन' म्हणजे पिचरच्या खात्यात धरायचे रन कसे मोजतात? चूक झालीच नसती असं समजून इनिंग पुन्हा मांडायची. नॅशनल लीगने या हिशेबाची अधिकृत नोंद ठेवायला नेमकी त्याच, १९१२ च्या हंगामात सुरुवात केली होती. मांडा: एंगल झेलबाद, पहिला आउट. हूपर झेलबाद, दुसरा. यर्कीसला वॉक, स्पीकरचा सिंगल, लुईसला वॉक, गार्डनर झेलबाद, तिसरा. रन शून्य. म्हणजे दहाव्या इनिंगचे दोन्ही रन मॅथ्यूसनच्या खात्यात येत नाहीत, आणि दोन्हीमागे कागदाला दिसणारं एकच कारण, ई-८. पहिल्यांदा शीट भरून हा हिशेब केला तेव्हा मीही सरांसारखाच म्हणालो होतो, घालवला बाबाने सामना.

दुसऱ्या वेळी लक्षात आलं की हा हिशेब तिघांच्या मध्ये पडलेला फाउल धरतच नाही, कारण कागदावर तो नाहीच. आता तोही घेतलाय असं समजून मांडा. स्नॉडग्रासने झेल सोडला, तो सोडलेलाच राहू द्या. हूपर पहिला आउट. यर्कीसला वॉक. स्पीकर फाउलवर झेलबाद, दुसरा आउट. दोन माणसं बेसवर, जायंट्स अजून २-१ ने पुढे, आणि एका आउटचं काम बाकी. गार्डनरचा तो खोल झेलही मग तिसरा आउट ठरला असता, बळी देऊन रन आणणारा नाही. लुईसला तेव्हा वॉक दिला असता की नाही, त्याने काय मारलं असतं, हे कुणी सांगू शकत नाही. मी फक्त एवढंच म्हणतो की झेल सोडल्यानंतरही सामना जायंट्सच्या हातात होता, आणि तो हातातून गेला पहिल्या बेसजवळच्या गवतावर.

मर्कलवर ढकलतोय असं समजू नका. कॅचरच्या नावाने हाक आल्यावर पहिल्या बेसने थांबायचं, हे आम्हीच पोरांना शिकवतो. पण १९०८ च्या त्या एका पावलासाठी ज्याला देशाने आयुष्यभर छळलं, त्याच्या १९१२ च्या थबकण्याकडे मात्र कागदाने डोळेझाक केली आणि सगळा भार बाजूच्या गड्यावर टाकला, ही गंमत मला अजून पचलेली नाही.

हा भार पैशात मोजला गेला म्हणून तो टिकला. विजेत्या टीमच्या प्रत्येकाला ४,०२४.६८ डॉलर मिळाले, हरलेल्यांना २,५६६.४७. सगळ्या खेळाडूंचा मिळून फरक ३०,००० च्या घरात जातो, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ठेवलं '३०,००० डॉलरचा सुटलेला झेल'. आकडा चिकटला की बदनामी पाठ होते. ऐकीव गोष्टींपैकी एक अशी की स्नॉडग्रासची आई लॉस एंजेलिसमध्ये एका नाट्यगृहात विजेच्या फलकावर सामना 'बघत' होती आणि मुलाने झेल सोडल्याची खूण उमटताच तिला भोवळ आली. रेडिओ नव्हता, शहराशहरांत असे फलक लावत आणि तारेने बातमी येईल तसे त्यावरचे दिवे पेटत.

मॅनेजर जॉन मॅग्रॉ हा तोंडाने फाटका, पंचांना शिव्या देण्यात नाव काढलेला माणूस. त्याने मात्र स्नॉडग्रासला शब्दानेही दुखावलं नाही, उलट पुढच्या करारात पगार वाढवून दिला. खेळ सोडल्यावर स्नॉडग्रास कॅलिफोर्नियात बँकेत होता, शेतीवाडी केली, ऑक्सनार्ड शहराचा महापौर झाला. १९७४ च्या एप्रिलमध्ये ८६ व्या वर्षी गेला. सामन्याला तेव्हा एकसष्ट वर्षं उलटून गेली होती, आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या वर्तमानपत्राने मृत्युलेखाच्या मथळ्यात काय घातलं असेल? तो झेल.

मॅथ्यूसनचा हिशेब त्याहून विचित्र. या सिरीजमध्ये त्याने २८ इनिंग आणि वर दोन आउट एवढं पिचिंग केलं. विरोधी टीमचे ११ रन आले, त्यातले त्याच्या खात्यात फक्त ३. सरासरी ०.९४. विजय शून्य, पराभव दोन. माझ्या पाहण्यात इतकी सुंदर शीट आणि इतका वाईट निकाल एकत्र आलेला दुसरा नाही. आणि आदल्या दिवशी एका इनिंगमध्ये सहा रन देऊन गेलेल्या वुडच्या नावावर या सामन्याचा विजय, सिरीजमधला त्याचा तिसरा.

आता नियमांचं. मूळ नियम तोच होता, नऊ इनिंगनंतर बरोबरी असेल तर निकाल लागेपर्यंत पूर्ण इनिंग खेळत राहायचं. फरक होता तो भोवतालात. चेंडू जड आणि मऊ, सामनाभर तोच तो वापरत, मातीने काळा पडेपर्यंत, त्यामुळे रन कमी आणि १-१, २-२ अशी बरोबरी वारंवार. पिचर बदलण्याची आजच्यासारखी घाई नव्हती. १ मे १९२० ला बॉस्टनमध्येच ब्रुकलिन आणि ब्रेव्हज यांचा सामना २६ इनिंग चालला, दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत एकेकच पिचर, कॅडोर आणि ओश्गर, आणि शेवटी १-१ वर अंधार. दिव्यांच्या उजेडात मोठ्या लीगचा पहिला सामना व्हायला १९३५ उजाडावं लागलं. आज अमेरिकेत नियमित हंगामात दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर फुकटचा रनर उभा करतात, २०२० पासून. सॉफ्टबॉलवाल्यांना यात नवीन काही नाही, आपण टायब्रेकर कधीपासून खेळतोय. शीटवर तो रनर लिहिताना मला अजून कसंतरी होतं, बेसवर आलाच कसा याची खूण नाही. बाद फेरीत आणि वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र आजही जुनाच कायदा.

आणि अंधारावरूनच तो दुसरा सामना. ९ ऑक्टोबर १९१२, फेनवे, ११ इनिंग, ६-६, दिसेनासं झालं म्हणून पंचांनी थांबवला. पिचर मॅथ्यूसनच, अकराही इनिंग. जायंट्सनी त्या दिवशी पाच चुका केल्या, त्यातल्या तीन एकट्या शॉर्टस्टॉप आर्ट फ्लेचरच्या. ती मॅच जायंट्सनी नऊ इनिंगमध्ये जिंकली असती तर पंधरा तारखेलाच, सातवा सामना मारून, त्यांचे चार विजय पुरे होत होते. सोळा तारखेला फेनवेचं फाटकच उघडलं नसतं. त्या शीटवर माझ्या अक्षरात ई-६, ई-६, ई-६ असं तीनदा आहे. फ्लेचरचं नाव तुमच्या सरांनी कधी घेतलंय का, विचारून बघा.